लाल पट्टीपर्यंत वाळू

नेनेकाका हस्तांदोलन करत नसत, हात तपासत. डेट्रॉइटजवळ ट्रॉयला आम्ही त्यांच्या शेजारी राहायला आलो, त्या दिवशी ड्राइव्हवेवरच त्यांनी माझी बोटं दाबली, उलटीपालटी केली आणि शिळ्या गवारीकडे बघावं तसं बघून म्हणाले, "कीबोर्डचे हात. शनिवारी सकाळी सातला गॅरेजमध्ये ये." मी बायकोकडे आशेनं पाहिलं. ती म्हणाली, "जा ना मिलिंद. जमलं तर पोट तिकडेच ठेवून ये."

काकांच्या गॅरेजमध्ये गाडी नव्हती. ती बिचारी बाहेर बर्फात. आत ओकिनावाच्या जुन्या वळणाच्या कराटेचं व्यायामाचं सामान, बरंचसं घरी केलेलं. दह्याच्या डब्यात काँक्रीट ओतून त्यात फावड्याचा दांडा रोवलेला, ठोसे मारायला दोर गुंडाळलेली फळी आणि मातीच्या दोन बरण्या. बरण्यांना कान नाहीत, कडी नाही. काठाला बोटांनी धरायच्या, हात खाली सोडायचे, गुडघे वाकवून पाय सरकवत चालायचं. जमलं की आत थोडी वाळू वाढवायची. काका तरुणपणी डेट्रॉइटला एका ओकिनावन गुरूंकडे हे शिकले होते.

"जमेल हो काका," असं म्हणून मी पहिल्याच दिवशी चौथ्या पावलाला बरणी स्वतःच्या अंगठ्यावर सोडली. बरणी वाचली. काकांनी आधी बरणीच पाहिली, मग अंगठा. म्हणाले, "तोंडाला नको विचारू. हाताला विचार."

नोकरीत त्यांनी आयुष्यभर गाड्यांच्या दारांच्या बिजागऱ्या तपासल्या. "तुटेपर्यंत उघडमीट करायची आणि कितव्या वेळी तुटली ते लिहायचं," ते सांगत. "आपल्याकडे तुटली तर बरं. लोकांकडे तुटली की वाईट."

शैलाकाकूंना अर्धांगवायू झाला, तेव्हा काकांनी स्वतःलाही हीच चाचणी लावली. रोज सकाळी ते काकूंना पलंगावरून उचलून व्हीलचेअरमध्ये ठेवत. दूर चँडलरला राहणारी त्यांची मुलगी केतकी दर रविवारी फोनवर सांगे, "बाबा, प्लीज, हॉइस्ट घ्या." पाळण्यासारख्या झोळीत माणसाला उचलणारं ते यंत्र. काकू अर्ध्या ओठांनी म्हणत, "मी काय इंजिन आहे? क्रेन कशाला?" मग काकांनी बरण्यांच्या आत एका उंचीवर लाल पट्टी चिकटवली. तिथपर्यंत वाळू भरायची आणि गॅरेजमध्ये दहा फेऱ्या मारायच्या. ज्या शनिवारी दहा होणार नाहीत, त्या शनिवारी हॉइस्ट मागवायचं. काकांना फार वेळ ओणवं राहवत नसल्यामुळे वाळू भरण्याचं काम माझं.

जुलैमध्ये सहाव्या फेरीला डावी बरणी सुटली. काका स्टुलावर बसले आणि आपल्या बोटांकडे बघत राहिले. दारात व्हीलचेअरमध्ये काकू होत्या. त्यांचा एकच डोळा नीट रडत असे. "आज झोप झाली नव्हती," काका म्हणाले. "पुढच्या शनिवारी शेवटचं बघू."

पुढच्या शनिवारी मी लवकर गेलो. मला हे बघवत नव्हतं, आणि ज्याला बघवत नाही तो माणूस फार उद्योगी होतो. दोन्ही बरण्या रिकाम्या करून आमच्या नव्या टीव्हीच्या खोक्यातल्या थर्माकोलचे तुकडे मी त्यांच्या तळाशी दाबले आणि वर लाल पट्टीपर्यंत वाळू भरली.

काका दहा फेऱ्या चालले. काकूंनी चांगल्या हातानं खुर्चीच्या हातावर टाळी वाजवली. बरणी खाली ठेवताना काका म्हणाले, "हलकी वाटतेय रे."

"तब्येत सुधारतेय तुमची, काका."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं आणि हसले. इतक्या वर्षांत पहिल्यांदाच त्यांनी हाताऐवजी तोंडाचं ऐकलं. तेही माझ्या.

घरी येऊन मी बायकोला म्हणालो, "आज एक पुण्याचं काम केलं." काय ते सांगितलं नाही. थर्माकोल तळाशी तसाच राहू दिला; पुढे दर शनिवारी वरची वाळू तेवढी लाल पट्टीला टेकवत राहिलो.

नोव्हेंबरमध्ये एका सकाळी पलंग आणि खुर्चीच्या मध्ये काकांची बोटं सुटली. काकूंचं खुब्याचं हाड मोडलं. ऑपरेशन झालं, पण मग छाती भरली आणि नवव्या दिवशी त्या गेल्या.

केतकी आली होती. स्वयंपाकघरात तिनं मला विचारलं, "मिलिंदकाका, तुम्ही तर दर वीकला बघत होता. ही वॉज ओके, राइट? की हट्टच करत होते?" माझ्या हातात पोह्यांची बशी होती. मी घास तोंडात घातला. तोंड भरलेलं असलं की बोलावं लागत नाही.

ती परत गेल्यावरच्या शनिवारी मी सवयीनं सातला गेलो. गॅरेजचं दार उघडं होतं. काकांनी बरण्या उपड्या केल्या होत्या. वाळूच्या ढिगावर थर्माकोलचे पांढरे तुकडे पडले होते आणि वाऱ्यानं थोडे सरकत होते.

"कधीपासून?" काकांनी विचारलं.

"जुलै."

ते बराच वेळ बोटांवर काही मोजत होते. शनिवार असतील, किंवा सकाळी काकूंना उचललं ते दिवस.

"केतकीला वाटतंय मी हट्टानं मारलं तिच्या आईला," ते म्हणाले. "तिला फोन लाव."

"काय सांगू, काका?"

"हाताचं काम झालं. आता तोंडाला विचार."

मी तिथेच, वाळूत उभा राहून फोन लावला आणि सगळं सांगितलं. मग ती इंग्रजीत म्हणाली, बाबांना फोन द्या. मी दिला आणि बाहेर बर्फात त्यांच्या गाडीपाशी जाऊन उभा राहिलो.

काका आता चँडलरला केतकीकडे असतात. माझा फोन दोघंही उचलत नाहीत. जाण्याआधी त्यांनी दोन्ही बरण्या माझ्या दाराशी आणून ठेवल्या होत्या, रिकाम्या. मी त्या भरल्या, लाल पट्टीपर्यंत. शनिवारी सातला उचलतो. सहा फेऱ्या होतात, कधी सात. पण त्याआधी बाही वर करून हात वाळूत पार तळापर्यंत घालतो आणि चाचपतो. माझ्या गॅरेजमध्ये दुसरं कोणी येत नाही. तरी चाचपतो.