कॉम्प्युटरची झूल

तांड्यातल्या लोकांचे पीकविम्याचे अर्ज भरायला मी घरी कॉम्प्युटर आणला, तेव्हा याडीने, म्हणजे माझ्या आईने, सीपीयूसाठी झूल शिवली. पोळ्याला बैलावर टाकतात तशीच, लाल कापडाची, आरसे आणि कवड्या लावलेली. धुळीची तिला भारी चीड.

परवा विंडोज नव्याने टाकायला बसलो, तर निम्म्यावर जाऊन हँग. परत लावलं, परत हँग. पेनड्राइव्ह बदलला. झूल काढून रॅम पुसून बसवली; माझं होताच याडीने झूल पुन्हा नीट घातली. पुन्हा हँग! माझं डोकं सणकलं. कॉम्प्युटर जिथून घेतला त्या पांढरकवड्याच्या दुकानदाराला फोन लावून मी वाट्टेल ते बोललो.

तो शांतपणे म्हणाला, "सीपीयू तापून राह्यला का, ते पाहा."

"माझा सीपीयू तापत नाही!" म्हणून मी फोन आपटला.

याडीने झुलीखाली हात घातला आणि चटकन मागे घेतला. "हा तर फणफणला हाय. त्या माणसावर कायले वरडून राह्यला?"

तिनेच झूल ओढून काढली. अर्ध्या तासात विंडोज बसलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी पाहतो तर झूल परत सीपीयूवर. ओरडायला तोंड उघडलं आणि थबकलो. पंख्याच्या जागी तिने कापड गोल कापलं होतं आणि कडेने बारीक आरसे टाचले होते. प्रत्येक आरशात माझं उघडं तोंड दिसत होतं.