मुअत्तर रेडकू

आमच्या घरात सुवासिक अशी एकच गोष्ट होती, ती म्हणजे माझी भाषा.

निजामाच्या राज्यात उर्दू मिडल पास झालेला आमच्या खानदानातला मी पहिलाच. त्यामुळे धाकट्या बहिणीच्या, सुभद्रेच्या सोयरिकीचं पत्र लिहायचं काम माझ्याकडे आलं. आधीची दोन पत्रं आबांनी स्वतः लिहिली होती; दोन्हींना उत्तर नव्हतं. तिसरं राणीसावरगावच्या एका मोठ्या शेतकऱ्याला जायचं होतं. हे स्थळ हुकलं तर आई अंथरूणच धरणार होती.

पत्र मराठीतच लिहिलं, पण आमच्या मास्तरांचा एक लाडका शब्द त्यात जागोजागी पेरला. मुअत्तर! म्हणजे अत्तर लावल्यासारखं सुगंधी. मास्तर तो बागेला लावत, फार तर रुमालाला. मी मात्र हात आखडला नाही. मुलगी मुअत्तर, घर मुअत्तर, आणि ओघात गोठाही मुअत्तर!

आठ दिवसांत निरोप आला. "सोमवारी जेवायला येतो. लिहिलंय ते डोळ्यानं बघतो."

आबांनी मला शब्दाचा अर्थ विचारला. मी सांगितला.

"गोठा बी?"

"ओघात गेलं, आबा."

"मग ओघातच वास आण तिथं! न्हाई तर पोरीचं जमायचं न्हाई आन् तुला भाकर मिळायची न्हाई."

सोमवारी सकाळी, धार काढायच्या आधी, मी उरुसात घेतलेली केवड्याच्या अत्तराची कुपी काढली. म्हशीला ती पुरणार नव्हती. (म्हैस केवढी, कुपी केवढी!) म्हणून धोरणी माणसाप्रमाणे सगळी कुपी तिच्या रेडकावर रिकामी केली. रेडकू असं घमघमायला लागलं की मला माझाच अभिमान वाटला.

आबांनी रेडकू सोडलं. ते धावत आईपाशी गेलं. म्हशीनं एकदा हुंगलं, फुस्स केलं आणि पोटच्या पिल्लाला अशी लाथ घातली की ते थेट कडब्यात! पान्हा सोडायचं नावच नाही. दूध नाही म्हणजे पाहुण्यांची खीर नाही. (शेजारची म्हैस नेमकी आटलेली!)

"नजर लागली गं बाई!" आईनं मिरच्या ओवाळून चुलीत टाकल्या. आता गोठ्यात केवडा, मिरचीचा ठसका आणि आम्ही तिघं खोकणारे!

"आबा," मी खोकत म्हणालो, "रेडकाला मी मुअत्तर केलंय."

"थांब, आता तुला करतो!"

आबांनी दावं उचललं आणि तेवढ्यात दारात बैलगाडी थांबली. पाहुणे!

सुभद्रा ठेवणीतलं लुगडं नेसून माजघरात बसली होती. ती तशीच बाहेर आली.

"दादा, सर बाजूला. अत्तर ओतायलास व्हय रेडकावर?"

तिनं म्हशीच्या पायाखालचं ताजं शेण दोन्ही हातांनी उचललं आणि रेडकाला मानेपासून शेपटीपर्यंत लिंपून काढलं. वर पेंडीचा चुरा आणि चिमूटभर मीठ. म्हशीनं पुन्हा हुंगलं. मग चाटलं. मग असा पान्हा सोडला की चरवी भरायला वेळ लागला नाही.

"वा!" दारातून आवाज आला. मुलाचे वडील केव्हाचे बघत उभे होते. आई डोक्याला हात लावून खालीच बसली.

"पोरी, हे कुणी शिकवलं?"

"कुणी न्हाई. म्हशीला तिचं लेकरू वासावरूनच कळतंय," शेणाचे हात मागे लपवत सुभद्रा म्हणाली. "दादाला तेवढं कळत न्हाई."

"ठरलं!" ते म्हणाले. "आमच्या घरी अकरा म्हशी हायत. चाल बघायची न्हाई, सुईत दोरा ओवायला लावायचा न्हाई. पोरगी आमची!"

मला आनंदानं रडूच आलं. (मिरचीचाही थोडा हात होता.) घरभर खिरीचा घमघमाट सुटला. जेवताना पाहुण्यांनी मला हळूच विचारलं, "पत्र तुमीच लिवलं न्हवं? ते मुअत्तर म्हंजे काय हो? आमच्यात कुणालाच कळंना. घरात हाय, गोठ्यात हाय, पोरीला बी हाय, म्हणून भाऊबंद म्हणले, साथीचा रोग असंल, जाऊ नका. मी म्हणलं, इतकं खरं लिवणारं घर सोडायचं न्हाई!"

पुढं माझ्या लग्नाचं पत्र सुभद्रेनं सांगितलं आणि आबांनी लिहिलं. लगेच होकार आला. त्यांच्या पत्रात मजकूर एवढाच होता : मुलगा चांगला आहे. जरासा मुअत्तर आहे, पण लग्नानंतर उतरेल.