चाकावर घातलेले पाणी

माझ्या पायगुणाने मालक, म्हणजे माझे यजमान, फटफटीवरून पडले, असे आमच्या घरात अजून बोलतात. मला चारचौघांत बोलता येत नाही, म्हणून इथे लिहून ठेवते.

लढाई संपली आणि मालक पलटणीतून घरी आले. तिथे ते फटफटीवरून टपाल पोचवायचे. येताना पलटणीने विकायला काढलेली एक जुनी फटफटीच घेऊन आले. सांगलीबाहेर लष्कराने गाड्या शिकवायला डांबराचा गोल रस्ता केला होता, त्यावर हिवाळ्यात फटफट्यांच्या शर्यती लागायच्या.

शर्यतीआधी मालक चार फेऱ्या मारायचे. एकदा त्यांनी माझा हात टायरवर ठेवला. चांगलाच ऊन होता. म्हणाले, "गुऱ्हाळात ऊन गूळ बोटाला कसा चिकटतोय? रबराचं तसंच हाय. तापलं की रस्ता धरतंय. गार पडलं, भिजलं, की वळणावर सोडतंय." चौथी शिकलेल्या मला हे एकदा सांगून समजले.

त्या सकाळी कडाक्याची थंडी होती. मालक फेऱ्या मारून शर्यत सुटायच्या रेघेवर येऊन थांबले. तेवढ्यात थोरले दीर नारळ आणि तांब्या घेऊन आले. आमच्या घरी शर्यतीच्या बैलांच्या पायांवर सुनेने पाणी घालायची रीत आहे. दिरांनी तांब्या माझ्या हातात दिला.

"दोन्ही चाकांवर घाल."

"दादा, नगं," मालक म्हणाले. "टायर आत्ताच तापवलाय."

"तापलाय म्हणूनच घालायचं! तापलेल्या बैलाला पाणी दावत न्हाईस व्हय रं? पलटणीत जाऊन आला, आता मलाच शिकवतोय!"

लोक हसले. मालकांनी मान खाली घातली. मी तर दिरांपुढे कधी तोंड उघडले नव्हते. पदर ओढला आणि पाणी ओतले. टायरवरून बारीक वाफ निघाली.

पहिल्याच वळणावर मागचे चाक सुटले. मालकांचा पाय दोन ठिकाणी मोडला.

घरी सासूबाई कडाडल्या, "पांढऱ्या पायाची! हिनं पाणी घातलं आन् घात झाला!" दीर शेजारीच चहा पीत बसले होते. पाणी कुणी घालायला लावले, ते त्यांनी सांगितले नाही. मालकही भिंतीकडे तोंड करून पडून राहिले. त्यांचा तर मला जास्त राग आला. टायरचे सगळे त्यांनीच मला शिकवले होते ना?

पुढच्या हिवाळ्यात मालक लंगडत पुन्हा फटफटीवर बसले आणि टायर तापवून रेघेवर आले. दिरांनी नारळ फोडून पुन्हा तांब्या पुढे केला.

"ह्या खेपंला मनापासनं घाल."

मी तांब्या घेतला आणि सगळे पाणी माझ्याच पायांवर ओतले.

"आगं, काय करतीस हे?"

"दोष माझ्या पायाचा हाय न्हवं? मग चाकाला कशाला?" दिरांशी मी बोललेले ते पहिले वाक्य.

मालक तिसरे आले. ते वळण त्यांनी शर्यतीच्या सगळ्या फेऱ्यांना न घसरता काढले. घरी आल्यावर दीर सगळ्यांना सांगत होते, "नारळ फळला बघा!"

त्या दिवशी माझ्या पायगुणाचे नाव कुणी काढले नाही.