घरभर एकच मेल

तमाम भाऊबंद आणि मोबाईलधारकांना कळविण्यास अत्यंत दुःख होते, की माझं रक्त आता माझं खासगी राहिलेलं नाही.

झालं असं. थोरल्या भावाच्या, दादाच्या, दोन्ही किडन्या साखरेच्या दुखण्यानं गेल्या. मिलिटरीतून सुभेदार होऊन आलेला हा माणूस. त्याला मी पलूसहून सांगलीला डायलिसिसला नेतो. माझी एक किडनी त्याला द्यायची, हे मी मनाशी पक्कं केलं होतं. पण त्यानं आधीच दम भरलेला, "घरातल्या कुणी माझ्यापायी अंगाला सुरी लावून घेतली, तर मशीन सोडून घरी जाऊन पडंन!" म्हणून गुपचूप तपासण्या करायच्या आणि सगळं जुळलं की डॉक्टरांकडून त्याचं मन वळवायचं, असा माझा बेत.

मागच्या खेपेला तो मशीनला लागल्यावर "च्या पिऊन येतो" म्हणून मी खालच्या लॅबमध्ये जाऊन रक्त दिलं. अभिनय झकास झाला. रिपोर्ट मेलवर हवा का, असं विचारल्यावर रुबाबात आयडी सांगितला आणि सही ठोकली.

आता आमच्या घरात मेल एकच, दादानं पेन्शनसाठी उघडलेला. गॅस, ऊसबिल, पोरींचे निकाल, सगळं त्यावरच. तमिळनाडूत सोनं गाळायच्या दुकानात बसलेला दादाचा पोरगा, माझा पुतण्या, तोही तोच वापरतो. फुकटची गोष्ट, म्हणून गावच्या आडासारखी सगळ्यांनी वापरली. आज रिपोर्ट यायचा होता, आणि हे सगळं मला आठवलं तेव्हा मी दादाच्या पलंगाशेजारी स्टुलावर होतो. मोबाईल त्याच्या मोकळ्या हातात होता.

धावत खाली गेलो. "म्याडम, त्यो मेल मागं घ्या!"

"आत्ताच गेला, काका," लॅबच्या डॉक्टरीणबाई म्हणाल्या.

"माणसाचं दुखणं असं फुकटच्या मेलवर धाडायला चालतं व्हय?"

"खरं तर पाठवू नये. मेलवाली कंपनी वाटेत कुलूप लावते, पण पेशंटची माहिती जपायचा तिचा-आमचा काही करार नसतो. आणि पलीकडं दार कोण उघडतं, ते तिला काय माहीत? म्हणून तर तुमची संमती घेतली. आयडी तुमचाच ना?"

"माझाच. आन बाकी घरादाराचा."

बाईंनी कपाळाला हात लावला.

वर आलो. नळ्यांनी बांधलेला तो, पण अडकलेला मी. "दादा, मोबाईल द्या की जरा, स्कोर बघतो."

"बस खाली." परेडचा आवाज. बसलो.

तेवढ्यात पुतण्याचा फोन आला. दादानं स्पीकर लावला. "आप्पा, काकांनी किडनी द्यायची टेस्ट केलीया व्हय? मेल आलाय बघा!"

वॉर्डातले सगळे पलंग माझ्याकडं वळले. पळायला दार होतं, पण या माणसाला सोडून जाणार कुठं? दादानं फोन कापला, मेल उघडला आणि ओठ हलवत वाचत सुटला. मशीन थांबवायला नर्सला हाक मारतो का, एवढंच मी बघत होतो. तो शेवटच्या ओळीपर्यंत गेला, चष्मा वर केला आणि ओरडला,

"आरं येड्या, किडनी मला द्याला निघालास, आन माझ्यापरीस जास्त साखर तर तूच रगतात घिऊन फिरतोयस की रं!"