हिरवा ठिपका

आमच्या पाणीपुरवठ्याच्या कार्यालयात संगणकाचा भिंतभर पडदा आहे. गावातले सगळे पंप त्यावर ठिपके होऊन बसलेत. वेळ झाली की पंप आपोआप सुरू होतात, ठिपके हिरवे होतात; टाकी भरली की थांबतात. मी नुसता बघतो.

पूर्वी टेकडीवरच्या पंपघरातून, तिथला पंप चालवणाऱ्या दगडूमामांचा रोज सकाळी फोन यायचा. "साहेब, पाणी चढलं." मग दुखरा गुडघा, शेवग्याला आलेली फुलं, असं काहीबाही. पडदा बसला तेव्हा मीच म्हणालो, "मामा, आता फोन नका करू. मला इथं सगळं दिसतं."

"बरं साहेब," म्हणाले. पंपघराची राखण तेवढी त्यांच्याकडे उरली.

गेल्या महिन्यात ते तिथंच खाटेवर वारले. आम्हाला तिसऱ्या दिवशी कळलं, दूधवाल्याकडून. मी त्या दिवसांची नोंद काढून पाहिली. पंप एकदाही चुकला नव्हता. यंत्राची खुशाली कळत होती, माणसाची विचारायची राहून गेली.

आजही सकाळी टेकडीवरच्या पंपाचा ठिपका हिरवा होतो. त्याच्याकडे बघताना मला मामांची खाट दिसते, आणि उशाशी ठेवलेला फोन. मी नको म्हटलं होतं, म्हणूनच त्रास होतानाही त्यांनी मला फोन लावला नसेल का?