महामायेची कुजबुज

महामाया, हे तुला लिहूनच कळवते, कारण तुझी गिरणी चालू असताना बोलणं म्हणजे घशाची माती. अठरा वर्षं त्या खडखडाटात दळण दळून तुझा आवाज असा झालाय, की तू कुजबुजलीस तरी पार धाड गावच्या एसटी स्टँडवर ऐकू जातं.

आणि दुखणं नेमकं कुजबुजण्यासारखं! दुसऱ्या बाळंतपणापासून, म्हणजे चार वर्षं, नवरा जवळ आला की तुला दुखायचं. मग तू त्याला टाळायला लागलीस. प्रसेनजित भला माणूस. बायको कशावर रुसली ते कळेना म्हणून दर बाजाराला भजी आणायला लागला.

आपल्या गावच्या डॉक्टरांची रीत म्हणजे एक पेशंट स्टुलावर आणि पुढचे तीन आतच बाकावर. पहिल्या खेपेला बाकावर शेषराव होता. तू म्हणालीस, "खोकला." दुसऱ्या खेपेला कडूबा. "गुडघा." तिसऱ्या खेपेला खुद्द तुझे चुलतसासरे! त्या दिवशी बीपी तपासून आलीस.

शेवटी शाळा सुटल्यावर माझ्याकडे आलीस. मी ओरडलेच, "अगं, चार वर्षं?"

"काय करू बाई, त्या बाकावर कोनी ना कोनी बसेलच राह्यते!"

मग तुला बुलढाण्याला लेडी डॉक्टरकडे नेलं. दार बंद, आत तुम्ही दोघीच. तू कुजबुजलीस आणि बाहेर बसलेल्या चौदा बायकांनी शब्दन् शब्द ऐकला. मी पंख्याकडे बघत बसले. तू बाहेर आलीस तशी अदीबा नावाची पोरगी पुढे सरकली.

"आपा, मले बी तसंच होते. काय म्हने डॉक्टरीन?"

मागून एक म्हातारी म्हणाली, "जरा जोरात सांग व माय, मले कमी आयकू येते."

जोरात! आणि तुला!

बाळंतपणातल्या टाक्यांची जागा आवळून भरली होती. मलम आणि व्यायामाने बरं होईल, हे मनाचे खेळ नाहीत, असं डॉक्टरीणबाईंनी स्वच्छ सांगितलं. फक्त येत्या शुक्रवारी नवऱ्याला आणा, त्यालाही समजावते, म्हणाल्या.

"बाई, त्याले तुमीच सांगा," तू म्हणालीस. मी म्हटलं, त्यात काय मोठंसं!

सोमवारी निमित्ताला ज्वारी घेऊन गिरणीवर आले. प्रसेनजित एकटाच होता. "काय म्हन्ता बाई?" "बारीक दळ." मंगळवारी हरभऱ्याची डाळ नेली. काल गहू. आज गुरुवार. घरात पिठाला डबा उरलेला नाही, आणि त्या माणसाला अजून काहीही माहीत नाही.