लाईट आली तेव्हा

टेबलावरच्या यंत्राची वीज मी मुद्दाम तोडली आणि पुन्हा दिली. हिरवा दिवा लगेच लागला, यंत्र मात्र जागं झालं नव्हतं. अशा यंत्रांना संगणकाशी बोलतं करणारे ड्रायव्हर लिहिणं हे माझं काम. पण तो दिवा दिसला की मी केळव्याच्या घरी जाऊन पोचते.

तिन्हीसांज होती. सुपारीच्या वाडीला नुकतंच पाणी सोडलेलं, ओल्या मातीचा वास घरभर होता. आईला ऑक्सिजन देणारं यंत्र पलंगाशेजारी चालू होतं, तेवढ्यात लाईट गेली. बाबा पुठ्ठ्याने वारा घालत राहिले. थोड्या वेळाने लाईट आली. यंत्रावरचा हिरवा दिवा लागला, आतला पंखा घरघरू लागला. दिवा लागला की हात जोडायचे, ही आमच्या घरची रीत. बाबांनी जोडले, मीही जोडले.

"आली लाईट. आता काळजी नाय," बाबा आईला म्हणाले.

आईने नाकातल्या नळीला हात लावला. बाबांनी तो हात हळूच खाली घेतला आणि थोपटला. "झोप आता."

किती शांत झोपली, असं मला तेव्हा वाटलं होतं. ती पुन्हा उठली नाही. वीज गेली की ते यंत्र पुन्हा बटण दाबल्याशिवाय ऑक्सिजन सोडत नाही, हे पुढे हेच काम शिकताना कळलं.

माझ्या ड्रायव्हरमध्ये वीज परतल्यावर आधी यंत्राला विचारलं जातं, खरंच काम करतंयस का. उत्तर आलं तरच संगणकाच्या पडद्यावर हिरवा दिवा लागतो.

बाबा अजूनही लाईट आली की हात जोडतात. बटणाचं मी त्यांना सांगितलेलं नाही.